सुईचा गुण मोजायचा कसा?

धान रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत कंबरदुखी असते. दिवसभर चिखलात वाकून काम केल्यावर दुसरे काय होणार! अशा एखाद्या बाईने ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या आणि पंधरा दिवसांनी दुखणे कमी झाले, तर तो गुण कशाचा? सुईचा, रोवणी संपून मिळालेल्या विश्रांतीचा, की ‘आता बरे वाटेल’ या भरवशाचा?

तुलना केल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. गडचिरोलीतच अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली आणि इतर ४७ गावांतले बालमृत्यूही मोजले. म्हणूनच त्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली सांगता आले.

पण मृत्यू मोजता येतो. दुखणे मात्र ज्याचे त्यालाच विचारावे लागते, आणि त्या उत्तरात अपेक्षाही मिसळते. म्हणून येथे तुलनेच्या गटालाही आपल्याला खरेच उपचार मिळाले असे वाटावे लागते. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर असा प्रयोग झाला (२००७). एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडे, वरवर. तिसऱ्याला नेहमीची औषधे व व्यायाम दिले. सहा महिन्यांनी अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के रोग्यांना आराम होता.

ॲक्युपंक्चरचे समर्थक यातले पहिले व तिसरे आकडे सांगतात, विरोधक पहिले दोन. आमच्या मते दोघांचेही वाचन अपुरे आहे. सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही; मग शरीरातल्या ‘ऊर्जावाहिन्यां’च्या नकाशाला आधार उरत नाही. मात्र सुया टोचलेल्यांना अधिक आराम वाटला हेही खरे. तो सुईमुळे की अपेक्षेमुळे, हे या प्रयोगातून ठरत नाही. कारण आपल्याला सुया मिळाल्या नाहीत, हे तिसऱ्या गटाला ठाऊक होते.

यंत्रणेचेही तसेच. सुईने शरीरातली वेदनाशामक द्रव्ये सुटत असावीत, असे १९७७ पासूनच्या काही प्रयोगांत दिसले. २०१० साली उंदरांत सुईजवळ ॲडेनोसिन वाढल्याचे आढळले. त्याचा ग्राहक नसलेल्या उंदरांना मात्र आराम पडला नाही. यावरून टोचल्यावर काय घडते हे थोडे कळते, पण माणसाच्या दुखण्यावर लटक्या सुईपेक्षा खरी सुई सरस आहे, हे सिद्ध होत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. आपल्या भागात हाडे दुखण्यामागे सिकलसेल असू शकतो, न हटणाऱ्या पाठदुखीमागे मणक्याचा क्षय. दुखणे तात्पुरते दबले आणि तपासणी राहून गेली, तर किंमत रोग्यालाच मोजावी लागते.

वर्गात वरचे तीन आकडे फळ्यावर लिहावेत आणि त्यांवरून काय सांगता येते, काय येत नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. ‘गुण आला’ असे कुणी म्हटले की ‘कशाच्या तुलनेत?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर ती कोणत्याही उपचाराच्या बाबतीत उपयोगी पडेल.