मर्त्र पूर मेम्वार

(म. शी. स्मरणार्थ खून). दिदिए देनँक्स (२७ एप्रिल १९४९ – ) ह्या फ्रेंच लेखकाची रहस्यकादंबरी. पॅरिसच्या गालीमार ह्या प्रकाशनसंस्थेच्या ‘सेरी न्वार’ ह्या कादंबरीमालेत ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. मर्डर इन मेमोरियम ह्या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर १९९१ मध्ये निघाले. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये पोलिसांनी केलेले अल्जीरियन निदर्शकांचे हत्याकांड आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच प्रशासनाच्या साहाय्याने झालेली ज्यूंची हद्दपारी, अशा दोन दडपल्या गेलेल्या घटना ह्या कादंबरीत खुनाच्या तपासाच्या निमित्ताने एकत्र आल्या आहेत. अधिकृत इतिहास जेथे मौन पाळतो, तेथे रंजनप्रधान मानला गेलेला एक साहित्यप्रकार स्मृतिरक्षणाचे कार्य कसे करू शकतो, ह्याचे उदाहरण म्हणून तिला महत्त्व आहे.

‘रोमाँ न्वार’ म्हणजे शब्दशः काळी कादंबरी. डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर प्रभृती अमेरिकन लेखकांच्या कादंबऱ्यांतून हा प्रकार घडला. मार्सेल द्यूआमेल ह्यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या सेरी न्वार मालेमुळे तो फ्रान्समध्ये रुजला. अभिजात गुप्तहेरकथेत खुनी सापडताच विस्कटलेली समाजव्यवस्था पूर्ववत होते. काळ्या कादंबरीत मात्र मुळात ती व्यवस्थाच गुन्ह्याला पोसत असल्याचे तपासान्ती आढळते. मे १९६८ च्या उठावानंतर झाँ-पात्रिक माँशेत (१९४२–९५) आदी लेखकांनी ह्या प्रकाराला उघड राजकीय वळण दिले. देनँक्स ह्याच परंपरेतले. त्यांचा जन्म पॅरिसलगतच्या सँ-दनी ह्या कामगारवस्तीच्या शहरातील. छापखान्यातील कामगार, सांस्कृतिक कार्यकर्ता आणि स्थानिक पत्रकार अशी कामे केल्यानंतर ते लेखनाकडे वळले. मॉर ओ प्रमिए तूर (१९८२) ही त्यांची पहिली कादंबरी होय.

कादंबरीची ऐतिहासिक पार्श्वभूमी अशी : अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, ५ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसचे पोलीसप्रमुख मॉरिस पापाँ ह्यांनी अल्जीरियन मुसलमानांवर रात्रीची संचारबंदी लादली. तिच्या निषेधार्थ अल्जीरियन राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या आवाहनानुसार १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सु. २० ते ३० हजार अल्जीरियन स्त्री-पुरुष व मुले निःशस्त्रपणे पॅरिसच्या रस्त्यांवर आली. पोलिसांनी गोळीबार व अमानुष मारहाण केली, अनेकांना सेन नदीत फेकले आणि ११ हजारांहून अधिक लोकांना पकडून क्रीडागृहांत व मैदानांत डांबले. सुरुवातीला मृतांचा अधिकृत आकडा केवळ दोन सांगण्यात आला. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या पुढेपर्यंत जातात. ह्या घटनेविषयीचे एक पुस्तक जप्त झाले, झाक पानिझेल ह्यांचा ऑक्तोब्र आ पारी (१९६२) हा अनुबोधपट अनेक वर्षे प्रदर्शित होऊ शकला नाही आणि १९६२ च्या सर्वक्षमेमुळे खटल्यांचा मार्गही बंद झाला.

कादंबरीचा आरंभ त्याच संध्याकाळी होतो. नांतेरच्या झोपडवस्तीतून व अन्य भागांतून निदर्शनासाठी निघालेले काही अल्जीरियन तरुण आणि घरी परतत असलेला रॉजर तिरो हा इतिहासाचा शिक्षक, ह्यांचे मार्ग बॉन-नूव्हेल ह्या भुयारी रेल्वेस्थानकाजवळ एकमेकांना छेदतात. दंगलीच्या गदारोळात दंगलविरोधी पोलिसांच्या गणवेषातील एक माणूस तिरोच्या मस्तकात गोळी घालतो. तिरो ह्याची गरोदर पत्नी म्यूरिएल खिडकीतून हे पाहते. सु. वीस वर्षांनी तिचा मुलगा बेर्नार हा इतिहाससंशोधक तूलूझ येथील दप्तरखान्यात जुनी कागदपत्रे चाळतो आणि बाहेर पडल्यावर त्याचाही खून होतो. निरीक्षक कादँ तपास हाती घेतो. रॉजर तिरो आपले जन्मगाव द्राँसी ह्याचा इतिहास लिहीत होता, ही गोष्ट त्याला निर्णायक वाटते. कारण द्राँसी येथेच १९४१–४४ मध्ये ज्यूंची छावणी होती आणि फ्रान्समधून हद्दपार झालेल्या सु. ७६ हजार ज्यूंपैकी बहुसंख्य तेथूनच पाठविले गेले होते. तिरोने पाहिलेल्या आकड्यांत तूलूझ भागातून आलेल्या मुलांचे प्रमाण विलक्षण जास्त होते. त्याचा माग काढीत कादँ वेयू ह्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतो. युद्धकाळात तूलूझच्या प्रशासनात ज्यूंविषयीचे कामकाज पाहणारा हा अधिकारी दोन्ही खुनांमागे असतो.

वेयू ह्या पात्रामागे मॉरिस पापाँ ह्यांची छाया स्पष्ट आहे. पापाँ हे १९४२–४४ मध्ये बोर्दो येथील प्रशासनाचे महासचिव होते. सु. १,६०० ज्यूंच्या हद्दपारीशी निगडित असलेली त्यांच्या काळातील कागदपत्रे ल कानार आंशेने ह्या साप्ताहिकाने मे १९८१ मध्ये उजेडात आणली. तेव्हा ते फ्रान्सचे अर्थसंकल्पमंत्री होते. लेखकाने बोर्दोऐवजी तूलूझ हे स्थळ योजले, तरी वाचकाला संदर्भ ओळखता आला. १९४२ आणि १९६१ ह्या वर्षांना जोडणारा दुवा म्हणजे एकच माणूस आणि त्याहीपेक्षा एकच कार्यपद्धती होय. याद्या, शिक्के, सह्या आणि वरिष्ठांचे आदेश ह्यांवर चालणारी यंत्रणा राजवट बदलली तरी बदलत नाही, हे ह्या कादंबरीचे मुख्य सूत्र आहे.

ह्या सूत्राला साजेशी रचनाही लेखकाने साधली आहे. सुरुवातीचा भाग तृतीयपुरुषी निवेदनाचा असून पुढील कथा कादँ स्वतः सांगतो. त्यामुळे प्रारंभी वाचकाने जे पाहिले, ते तपास करणाऱ्याला माहीत नसते. ते साक्षीदारांच्या तुटक आठवणी, जुनी छायाचित्रे, परदेशी दूरचित्रवाणीसाठी घेतलेले चित्रण ह्यांतून त्याला कणाकणाने गोळा करावे लागते. ह्यामुळे रहस्य केवळ ‘खून कोणी केला’ एवढ्यापुरते राहत नाही. इतक्या लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट कोणालाच कशी आठवत नाही, हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो. पतीच्या मृत्यूनंतर खिडक्या बंद करून घेऊन जगणारी म्यूरिएल ही ह्या सामूहिक मौनाची करुण प्रतिमा आहे. दप्तरखाना हे येथे खरे घटनास्थळ आहे. पुरावा नष्ट केलेला नसतो. तो क्रमवार लावून ठेवलेला असतो आणि त्याचे वाचन करणाराच काय तो मारला जातो. शेवटच्या प्रसंगात स्थानकातील भिंतीवरून जुन्या जाहिरातींचे थर खरवडले जात असताना जर्मन अंमलाखालील एका सूचनापत्राचे तुकडे दिसू लागतात. भाष्य न करता लेखकाने कादंबरीचा आशय ह्या एका दृश्यात सामावला आहे.

तथापि ह्या कादंबरीला काही मर्यादाही आहेत. प्रारंभी नावागावासह, घरादारासह उभे केलेले अल्जीरियन तरुण कथेच्या पुढील भागात जवळजवळ नाहीसे होतात. कथानकाच्या दृष्टीने १७ ऑक्टोबरचे हत्याकांड हा एका फ्रेंच शिक्षकाच्या खुनाला मिळालेला आडोसा ठरतो आणि त्या रात्रीचे बळी दुसऱ्यांदा पार्श्वभूमीत ढकलले जातात. शिवाय सर्व सूत्रे वेयू ह्या एका खलपुरुषाच्या हाती एकवटल्यामुळे यंत्रणेच्या अपराधाचे रूपांतर व्यक्तीच्या अपराधात होण्याचा धोका संभवतो. उकल करून देणे हा रहस्यकथेचा धर्मच असल्याने ही अडचण काही अंशी त्या प्रकारातूनच उद्भवते. शासनाकडून प्रकरण मिटविले जाते, असा शेवट करून लेखकाने तिची तीव्रता कमी केली आहे. खुनी सापडतो, पण न्याय होत नाही. कादँची व्यक्तिरेखा मात्र प्रभावी आहे. तो शूर नायक नसून वरिष्ठांना नकोसा झालेला, थकलेला नोकरदार आहे. पुढे ल फाक्तर फाताल (१९९०) ह्या पुस्तकात लेखकाने त्याचा शेवट आत्महत्येत केला.

कादंबरीला १९८५ मध्ये फ्रान्समधील रहस्यसाहित्याचा ‘ग्राँ प्री द लितेरात्यूर पोलिसिएर’ हा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लॉराँ हेनमान ह्यांनी तिच्यावर दूरचित्रवाणीपट काढला. झाँ-ल्यूक एनोदी ह्यांचे हत्याकांडावरील संशोधन ला बाताय द पारी ह्या नावाने १९९१ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर सात वर्षांनी, प्रसिद्ध झाले. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत साहाय्य केल्याबद्दल पापाँ ह्यांना एप्रिल १९९८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ती १९४२–४४ मधील कृत्यांबद्दल होती. १९६१ च्या हत्याकांडाबद्दल त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही. २००७ मध्ये ते निधन पावले. २००१ मध्ये पॅरिसच्या सँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक बसविण्यात आला, २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा ओलाँद ह्यांनी रक्तरंजित दडपशाही झाल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये फ्रेंच राष्ट्रीय सभेने तिचा निषेध करणारा ठराव संमत केला. ह्या घटनांचे श्रेय कादंबरीला देणे अतिशयोक्तीचे होईल. कारण त्यांमागे पीडितांच्या कुटुंबीयांचे, वकिलांचे आणि संशोधकांचे दीर्घ प्रयत्न आहेत. परंतु दप्तरखाने बंद असताना आणि पाठ्यपुस्तके मूक असताना, प्रवासात वाचून टाकून देण्याच्या स्वस्त पुस्तकाच्या रूपाने ही घटना हजारो सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली, ही गोष्ट निर्विवाद आहे.