मस्तक कोणाचे, हात कोणाचा?

परवा उणकलास, चारी दिशांना द्वारे असलेल्या चंद्रमौळीश्वराच्या देवळात बसलो असता, एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांस छेडले. वेताळपंचविशीतील मस्तकांच्या अदलाबदलीच्या कथेचा शेवट संदिग्ध आहे, असे आम्ही म्हणतो. पण राजाने तर स्वच्छ निकाल दिला आहे. मग संदिग्धता उरली कोठे?

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ही वेताळाची सहावी कथा. धवल नावाचा रजक पत्नी मदनसुंदरी व मेहुणा यांसह सासुरवाडीस निघतो. वाटेत गौरीचे देऊळ लागते. देवीस वाहण्याजोगे हाती काही नाही, म्हणून तो स्वतःचे शिरच वाहतो. त्याच्या शोधास गेलेला मेहुणाही तेच करतो. मदनसुंदरी गळफास घेऊ लागताच देवी प्रसन्न होऊन शिरे धडांना जोडावयास सांगते. आणि घाईत ती नेमकी उलटसुलट लागतात. मग पती कोणता? प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन म्हणतो: ज्यावर पतीचे शिर तो पती, शिर सर्व अवयवांत श्रेष्ठ, ओळख त्यावरच.

वकिलीचा धंदा करणाऱ्यास हा निकाल पचणे कठीण. १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञांकरवी हस्ताक्षर व बोटांचे ठसे ओळखविले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या साक्ष्य अधिनियमातही ती सोय आहे. म्हणजे चेहऱ्याची साक्ष संशयास्पद झाली की आम्ही धडाकडे, हाताकडे वळतो. धवलाचे शिर घेऊन उठलेल्या त्या माणसाने जुन्या खतावर अंगठा उठविला, तर तो मेहुण्याचा निघेल. आणि हा मेहुणा म्हणजे मदनसुंदरीचा सख्खा भाऊ! राजाच्या निकालाने तिला पती मिळाला, तो भावाच्या देहासह. या अवघड जागी सोमदेव एक शब्द बोलत नाही. काही परंपरांत मेहुण्याच्या जागी मित्र आला आहे. टोमास मानने १९४० साली जर्मन भाषेत ही कथा लिहिली तीही मित्राचीच. त्यामुळे प्रश्न सुसह्य झाला, पण त्याची धार गेली असे आमचे मत आहे.

ती धार दुसऱ्या वाटेने परत आणली गिरीश कर्नाडांनी, १९७१ च्या ‘हयवदन’ नाटकात. तेथे देवदत्ताचे शिर हळूहळू कपिलाच्या धडास आपल्यासारखे मवाळ करून घेते. राजाचा निकाल जणू खरा ठरतो. परंतु शरीरालाही स्वतःच्या आठवणी असतात, व त्या शिराला पुसता येत नाहीत. शेवटी दोघे एकमेकांस मारतात, पद्मिनी अग्नी जवळ करते, मागे मूल राहते. ते कोणाचे, यावर टीकाकार वाद घालोत. आम्हांस तो घोडतोंड्या हयवदन अधिक बोचतो: त्याने पूर्णत्व मागितले, आणि देवीने त्याला पूर्ण घोडा केले.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. राजाने बरोबर उत्तर दिले की काय होते? वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. बरोबर उत्तर हीच तेथे हार आहे. चोविसाव्या प्रश्नाला, त्या विलक्षण नातेगोत्याच्या कोड्याला, राजा निरुत्तर होतो, मौन धरून चालत राहतो, आणि तेव्हाच वेताळ त्याच्यावर संतुष्ट होतो. निकाल आहे, पण कथा त्या निकालापाशी थांबलेली नाही.

स्नेह्यांना हे तितकेसे पटले नाही. कर्नाड घरी कोंकणी बोलत व कानडीत लिहीत, मग त्यांचे शिर कोणते, असे त्यांनी हसत विचारले. आम्ही निरुत्तर झालो. घरात कोंकणी, भजनात मराठी, कोर्टात नि बाजारात कानडी, अशी आमचीही तऱ्हा. २०११ च्या शिरगणतीत मातृभाषेच्या रकान्यात आमच्या वडील बंधूंनी ‘मराठी’ लिहविले, आणि आम्ही ‘कोंकणी’. आई दोघांची एकच.