एकहाती नियतकालिकाची भरती-ओहोटी : 'निबंधमाला' आणि 'रँब्लर'

मराठी निबंधाच्या इतिहासात 'निबंधमाले'चे स्थान इतके स्थिर झाले आहे की, ती मुळात काय होती ह्याचाच विसर पडावा. आजचा विद्यार्थी तिला भेटतो तो वेच्यांतून किंवा बांधीव खंडांतून. 'विद्वत्त्व आणि कवित्व' हा निबंध तो काव्यविचाराच्या संदर्भात वाचतो, 'आमच्या देशाची स्थिति' राष्ट्रवादाच्या संदर्भात वाचतो, आणि मग एखाद्या ग्रंथाविषयी द्यावा तसा तिच्याविषयी अभिप्राय देतो : भाषा ओजस्वी, उपरोध तीक्ष्ण, पाल्हाळ फार, मते एकांगी. हे अभिप्राय खोटे नाहीत. परंतु 'निबंधमाला' हा ग्रंथ नव्हे. एका तरुण शिक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केलेले आणि जवळजवळ सर्वस्वी स्वतःच्या हाताने लिहिलेले ते मासिक होते. जानेवारी १८७४ मध्ये पहिला अंक निघाला तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे वय चोवीस वर्षांचेही नव्हते, आणि मार्च १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला तेव्हा मालेचे ८४ अंक झाले होते. महिन्यास एक ह्या हिशेबाने ८४ अंक म्हणजे सात वर्षांचे काम. त्याला काळ लागला आठ वर्षांचा. बांधीव खंडात ही तफावत दिसत नाही. तेथे एक निबंध संपला की दुसरा सुरू होतो, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांची खूणही राहत नाही.

ह्या तफावतीकडे चरित्रकाराने पाहावे, टीकाकाराचे तेथे काय काम, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ज्या लेखनाला तारीख आहे, आणि जे एकाच माणसाच्या उत्साहावर, प्रकृतीवर व फुरसतीवर अवलंबून आहे, त्याचे गुणदोष त्या तारखेपासून वेगळे काढता येत नाहीत. विष्णुशास्त्र्यांच्या ज्या विशेषांना 'स्वभाव' ह्या सदराखाली टाकण्याची प्रथा आहे, त्यांपैकी बरेचसे त्यांच्या स्वभावाइतकेच ह्या लेखनप्रकाराचे अपत्य आहेत. हे तपासण्यास तुलनेसाठी दूर जावे लागत नाही. खुद्द विष्णुशास्त्र्यांनीच ज्यांच्यावर मालेत विस्तृत निबंध लिहिला, त्या डॉ. जॉन्सनने त्यांच्या सव्वाशे वर्षे आधी लंडनमध्ये हाच उद्योग केला होता.

'रँब्लर' हे पत्र २० मार्च १७५० रोजी सुरू झाले. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध, किंमत दोन पेन्स. १४ मार्च १७५२ रोजी २०८ वा अंक काढून जॉन्सनने ते बंद केले. ह्या दोनशे आठांपैकी संपूर्णपणे दुसऱ्याने लिहिलेले अंक चारच. दोन वर्षांत एकही वार चुकला नाही, आणि हे सारे इंग्रजी भाषेचा कोश रचण्याचे काम अंगावर असताना. ह्या पत्राच्या आधी अ‍ॅडिसन आणि स्टील ह्यांनी १७११-१२ मध्ये 'स्पेक्टेटर' हे दैनिक चालविले होते. पण तेथे हात दोन होते, शिवाय बाहेरचे लेखकही लिहीत, आणि एक काल्पनिक मंडळ उभे करून त्यातील पात्रांच्या तोंडी हवे ते घालण्याची सोय होती. जॉन्सनपाशी ह्यातले काही नव्हते. तो एकटा होता, आणि आठवड्यातून दोनदा छापखान्याचा पोऱ्या दाराशी येत होता.

ह्या घाईची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. 'रँब्लर'चा १३४ वा निबंध दिरंगाईवर, म्हणजे आजचे काम उद्यावर टाकण्याच्या खोडीवर आहे. जॉन्सनच्या स्नेही हेस्टर पिओत्सी ह्यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत असे सांगितले आहे की, हा निबंध जॉन्सनने चित्रकार रेनॉल्ड्ज ह्याच्या दिवाणखान्यात बसून घाईघाईने खरडला, आणि तो छापखान्यात नेण्यासाठी पोऱ्या तेथेच तिष्ठत उभा होता. गोष्ट मोठी गोड आहे. फक्त १७५१ च्या जूनमध्ये रेनॉल्ड्ज लंडनमध्ये नव्हता, इटलीत होता. तेव्हा दिवाणखाना सोडून द्यावा लागतो. पोऱ्या मात्र सोडण्याचे कारण नाही, कारण त्याची साक्ष निबंधच देतो. काम टाळण्याची हजार निमित्ते मन कशी शोधते ह्याचे जे वर्णन त्यात आहे, ते दुसऱ्यास उपदेश करण्याच्या सुरात सुरू होते आणि पाहता पाहता लेखकाच्या स्वतःच्या कबुलीकडे वळते. विषय सुचत नाही म्हणून विषय न सुचण्याची वृत्तीच विषय व्हावी, हा ह्या लेखनप्रकारातील नेहमीचा प्रसंग आहे. सामान्य लेखकाच्या हाती त्यातून भरताड निर्माण होते. जॉन्सनच्या हाती त्यातून त्याचा एक उत्तम निबंध निघाला. वेळेची टंचाई नसती, तर तो बहुधा लिहिलाच गेला नसता.

वाचक किती होते? 'रँब्लर'चा खप पाचशे प्रतींच्या आत होता. सर्वांत अधिक खपलेला अंक ९७ वा, असे सांगतात, आणि तो जॉन्सनचा नव्हता; कादंबरीकार रिचर्डसनने तो लिहिला होता. एकट्याने दोनशेवर निबंध लिहावे आणि गर्दी व्हावी ती पाहुण्याच्या निबंधाला, ह्याहून मोठा विनोद नियतीला सुचला नसता. अखेरच्या निबंधात जॉन्सनने आपण लोकप्रिय झालो नाही हे स्वच्छ मान्य केले आहे, आणि त्याबद्दल वाचकांची मनधरणीही केलेली नाही. परंतु तत्पूर्वीच्या दोन वर्षांत तो वाचकांवाचून राहिला असे मात्र नाही. वाचक नव्हते तेथे त्याने ते निर्माण केले. 'रँब्लर'मधील कितीतरी निबंध 'रँब्लर'ला आलेल्या पत्रांच्या रूपात आहेत, आणि त्यांतील बहुतेक पत्रे त्याने स्वतःच लिहिली आहेत. कधी नोकरीच्या शोधात दारोदार हिंडणारी मुलगी लिहिते, कधी संपत्तीने गांजलेला गृहस्थ लिहितो. आणि १७० व १७१ ह्या अंकांत मिसेला नावाची एक पतित स्त्री आपली जन्मकहाणी सांगते. ह्या पत्रांना टीकाकार 'रचनेतील वैचित्र्य' म्हणतात. पण त्यांचा उगम वैचित्र्याच्या हौसेत नसून एकांतात आहे. प्रत्युत्तर येत नाही अशा ठिकाणी सतत बोलत राहणाऱ्या माणसाने प्रत्युत्तराचा आवाजही आपल्याच कंठातून काढला आहे. मिसेलाच्या पत्रात जॉन्सनची नेहमीची भारदस्त, तोललेली वाक्यरचना काही ठिकाणी चक्क मोडते, ती ह्यामुळेच.

विष्णुशास्त्र्यांच्या बाबतीत ही दुसऱ्याच्या आवाजाची सोय नव्हती, किंवा असे म्हणावे की ती त्यांनी करून घेतली नाही. 'निबंधमाले'त बोलणारा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. पहिल्याच निबंधात, 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति' ह्यात, तो वाचकाला समोर बसवून घेतो, त्याच्या संभाव्य शंका स्वतः बोलून दाखवतो आणि एकेक करून निकालात काढतो. मेकॉलेच्या वाक्यरचनेचा संस्कार त्या गद्यावर आहे हे सर्वांनी नमूद केले आहे. परंतु मेकॉलेला एडिंबरोच्या त्रैमासिकात जागा मिळत होती ती दुसऱ्या संपादकाच्या हाताखाली. विष्णुशास्त्री स्वतःचेच संपादक होते. त्यांनी हे दोन्ही अनुभव घेतले होते. वडील कृष्णशास्त्री ह्यांच्या मागून त्यांनी 'शालापत्रक' चालविले, ते शिक्षणखात्याचे पत्र. संस्कृत कवींवरील त्यांचे लेख त्यात आले. ते लेख आणि 'माला' लागोपाठ वाचली म्हणजे स्वतःच्या मालकीच्या कागदावर लेखणी किती सैल सुटते हे कळते. वाक्ये लांबतात, कंसातील वाक्ये वाढतात, विषयांतर झाले तर त्याची क्षमा मागण्याऐवजी त्याचेच समर्थन केले जाते. मोरोपंतांच्या कवितेवरील लेखन तर एवढे पसरले की एका अंकात ते मावणे शक्यच नव्हते. हा पाल्हाळ एकटाक वाचणाऱ्यास कंटाळा आणतो. महिन्यास थोडा थोडा वाचणाऱ्यास तो तसा वाटला नसावा. उलट ओळखीचा माणूस गेल्या खेपेचे बोलणे पुढे नेत आहे, असे त्याला वाटले असावे. इतिहास, भाषापद्धति, वक्तृत्व, लेखनशुद्धि, वाचन, गर्व, अशा परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांना ज्या सूत्राने 'माला' हे नाव शोभते, ते सूत्र ही ओळख होय.

हेच सूत्र उलटेही फिरते. ह्या स्वातंत्र्याची किंमत 'निबंधमाले'ने काही ठिकाणी फार मोठी दिली आहे, आणि तिचा गौरव करताना ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोकहितवादींवरील टीका घ्या. गोपाळ हरि देशमुखांची 'शतपत्रे' १८४८ ते १८५० ह्या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात आली होती. म्हणजे तीही ठरावीक मुदतीने, एकाच माणसाने, वाचकाला उद्देशून केलेले लेखनच. विष्णुशास्त्र्यांना आपल्या ह्या पूर्वसूरीत आपल्याच धंद्याची अडचण दिसावयास हवी होती : आठवड्याची घाई, पुनरुक्ती, रागाच्या भरात टाकलेली वाक्ये. ती त्यांना दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी तिची सवलत दिली नाही. तरीही ह्या वादात निदान दोन शिक्षित, समान प्रतिष्ठेचे पक्ष समोरासमोर होते. जोतीराव फुले ह्यांच्यावरील टीकेत तेही राहिले नाही. 'गुलामगिरी' (१८७३) च्या कर्त्याने मांडलेला प्रश्न असा होता की, ज्यांना शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले, त्यांच्या अवस्थेचा जबाब कोणी द्यावयाचा? 'माले'ने जे उत्तर दिले त्यात फुल्यांच्या भाषेची व व्याकरणाची थट्टा पुष्कळ आहे आणि प्रश्नाचा विचार अल्प. विद्या नाकारली गेल्याची तक्रार करणाऱ्यास त्याच्या लेखनातील अशुद्धे मोजून दाखविणे, ह्यात वादाचा विजय नाही. तक्रारीचा पुरावाच आहे. विष्णुशास्त्र्यांसारख्या तर्ककुशल लेखकास हे उमगू नये, ह्याचे कारण केवळ जातीच्या अभिमानात शोधून भागत नाही, जरी तो अभिमान तेथे निःसंशय आहे. हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या डोळ्याखालून जाणे आवश्यक नव्हते, हेही एक कारण आहे. वाचकांच्या कौतुकाची सवय झालेल्या उपरोधाला कोठे थांबावे हे आतून कळत नाही. बाहेरून सांगणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'माला' चालू असताना तिचा लेखक सरकारी शाळेत नोकरी करीत होता. पुण्याहून त्यांची रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली. १८७८ पासून साने आणि मोडक ह्यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह'; त्याच सुमारास चित्रशाळा; १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल; १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा', व त्यांसाठी आर्यभूषण छापखाना. एवढी कामे एका माणसाने ओढल्यावर मासिकाची तारीख पाळली जाऊ नये, ह्यात नवल नाही. जॉन्सनपाशी कोशाचे ओझे होते, पण ते ओझे घरातच होते. विष्णुशास्त्र्यांची कामे त्यांना घराबाहेर ओढीत होती. मात्र अंक मागे पडले म्हणून लेखन निस्तेज झाले असे घडले नाही, आणि येथे सामान्य अपेक्षेला धक्का बसतो. अखेरच्या काळातील 'आमच्या देशाची स्थिति' हा निबंध मालेतील सर्वांत धीट आणि सर्वांत एकाग्र लेखन आहे. नोकरी सुटलेली होती, म्हणून हात मोकळा होता, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे हे की, लेखकाला आता दर महिन्यास काहीतरी बोललेच पाहिजे ही भीड उरली नव्हती. बोलावयाचे होते ते तो बोलला. विषयांतरे तेथेही आहेत, परंतु ती एका दिशेने वाहतात. पुढे १९१० मध्ये सरकारने हा निबंध जप्त केला आणि १९३७ पर्यंत ती बंदी टिकली; मासिकातील जुन्या मजकुराचे भय सरकारला इतकी वर्षे वाटावे, ह्यातच त्याच्या तेजाची पावती आहे.

म्हणजे नियमितपणा आणि गुणवत्ता ह्यांचे नाते दोघांत उलटसुलट दिसते. जॉन्सन वार चुकवीत नाही, आणि त्याचे उत्तम निबंध त्या सक्तीतूनच निघतात. त्याचबरोबर केवळ सक्तीने लिहिलेले, लॅटिन वळणाच्या जड शब्दांनी रकाना भरून काढणारे कितीतरी निबंधही तिच्याच पोटी येतात. विष्णुशास्त्री वेळ चुकवतात, आणि चुकलेल्या वेळेतून त्यांचे श्रेष्ठ लेखन येते. ग्रंथरूप मात्र दोघांचाही हा चढउतार पुसून टाकते. जॉन्सनने तर पुढील आवृत्त्यांसाठी 'रँब्लर'मध्ये हजारो दुरुस्त्या केल्या. आज वाचला जातो तो 'रँब्लर' हा दारात उभ्या असलेल्या पोऱ्याच्या हाती दिलेला 'रँब्लर' नव्हे. पदव्युत्तर वर्गात 'निबंधमाला' शिकविताना निदान एक वर्षाचे अंक क्रमाने, ज्या तुकड्यांत निघाले त्या तुकड्यांत वाचून घेतले, तर वेच्यांतून न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी विद्यार्थ्यास आपोआप कळतील.

'रँब्लर'चा शेवटचा अंक निघाल्यानंतर तीनच दिवसांनी जॉन्सनची पत्नी वारली. पुढे १७५८ मध्ये त्याने असे लेखन हाती घेतले, ते 'आयडलर' ह्या नावाने. पण ह्या वेळी स्वतःचे पत्र काढून नव्हे, तर दुसऱ्याच्या साप्ताहिकात आठवड्यास एक लेख म्हणून. ते निबंध आखूड आहेत, हलके आहेत, आणि त्यांत जॉन्सन हसताना सापडतो. विष्णुशास्त्र्यांनाही 'केसरी'त असे दुसऱ्यांच्या सोबतीने लिहिण्याची जागा मिळाली होती. टिळक आणि आगरकर शेजारी बसलेले होते. ती सोबत त्यांना चौदा महिने मिळाली.