अनुकृती आणि दृष्टी : मोरिसोच्या ‘पाळणा’ या चित्राच्या निमित्ताने

दृक्प्रत्ययवादी चित्राची नक्कल करून चित्रकला शिकणे ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ज्या संप्रदायाने प्रत्यक्ष दृश्यासमोर बसून क्षणिक प्रकाश टिपण्याचा आग्रह धरला, त्याच्याच चित्रावरून चित्र काढणारा विद्यार्थी दुसऱ्याने पाहिलेले पुन्हा मांडतो, स्वतः काहीच पाहत नाही, असा हा आक्षेप आहे. बर्थ मोरिसो हिचे १८७२ मधील ‘पाळणा’ हे चित्र समोर ठेवले असता या आक्षेपाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात.

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील हे तैलचित्र अवघे ५६ × ४६ सेंटिमीटरचे आहे. मोरिसोची बहीण एडमा आपल्या निजलेल्या तान्ह्या मुलीकडे पाहत बसली आहे. तिचा डावा हात कोपरात दुमडलेला आहे. मुलीचा हातही तसाच. मागील पडद्याची तिरकी रेषा या दोन आकृतींना एकत्र बांधते. उजव्या हाताशी पाळण्याची तलम जाळी आहे आणि ती प्रेक्षक व मूल यांच्यामध्ये आलेली आहे.

नक्कल करणाराची खरी परीक्षा या जाळीपाशी होते. दुरून पांढरी भासणारी ही जाळी नुसत्या पांढऱ्या रंगाने काढावयास गेल्यास ती चुन्याच्या भिंतीसारखी अपारदर्शक होते. करड्या, निळसर व गुलाबी छटा एकमेकींच्या तुलनेने ठरवाव्या लागतात. आईच्या पोशाखाचा व गळ्यातील फितीचा काळेपणा चुकला की जाळीचा उजेडही चुकतो. प्रत्येक छटेचे मोल शेजारच्या छटेवर अवलंबून असते, हे तत्त्व व्याख्यानातून कळते. परंतु हाताला पटते ते अशा चुकीनंतरच.

तथापि फटकाऱ्याच्या बाबतीत आक्षेप खरा ठरतो. वेगाने पडलेला फटकारा मोजूनमापून उतरविला, तर त्याचा आकार राहतो आणि गती नाहीशी होते. ज्याने केवळ फटकारे गिरविले, त्याच्या हाती लिपी येते, भाषा येत नाही.

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. पॅरिसच्या शासकीय कलाविद्यालयात स्त्रियांना १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. गिशार या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली मोरिसो भगिनी लूव्र संग्रहालयात नकला करीत. पुढे कोरोचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यांच्यासाठी अनुकृती हा अभ्यासक्रमाचा एक भाग नव्हता, जवळजवळ तीच शाळा होती. दोघी एकाच शाळेत शिकल्या. १८६९ मधील विवाहानंतर एडमाने व्यावसायिक चित्रकला सोडली. बर्थने १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात ‘पाळणा’ मांडले. चित्रातील स्त्री ही एके काळची सहाध्यायी चित्रकर्ती आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या मुद्रेतील शांततेला केवळ वात्सल्य म्हणून भागत नाही. पुढे काय घडेल, हे नक्कल ठरवीत नाही. ती सिद्धता देते, अवसर देत नाही.

विशेष असे की, स्वतःची शैली सिद्ध झाल्यावरही १८८४ मध्ये मोरिसोने बूशेच्या चित्रातील एका भागाची प्रतिकृती केली. म्हणून नक्कल ही केवळ नवशिक्याची पायरी मानणे योग्य नाही. मात्र ‘पाळणा’ उतरविल्यावर विद्यार्थ्याने खिडकीजवळ बसलेली जिवंत व्यक्ती व एखादा विरळ पडदा समोर ठेवून दुसरे चित्र काढावे. पहिल्या चित्राचे मूल्यमापन या दुसऱ्या चित्रावरूनच करणे उचित होय.