आशयाचा अतिरेक आणि स्की-माध्यमे : एक चिकित्सा

प्रस्तावना

पायाला स्की बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ भारतात गुलमर्ग, औली अशा मोजक्या ठिकाणी खेळला जातो. तरीही या खेळाची माध्यमे हा माध्यम-अभ्यासकासाठी उपयुक्त विषय आहे. छोटा, हंगामी आणि जोखमीचा छंद असल्यामुळे त्याभोवतीच्या माध्यमांत झालेले बदल स्पष्ट दिसतात. माहितीची सुबत्ता आली की लक्षाचा तुटवडा निर्माण होतो, असा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. स्की-माध्यमांत त्याचा पडताळा मिळतो. परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. ऑनलाइन आशय वाढल्याने दर्जा घसरला, ही नेहमीची तक्रार अपुरी आहे. खरा बदल वेगळा आहे. काय दाखवावे आणि काय वगळावे याची जबाबदारी नावानिशी घेणारा माणूस मधून निघून गेला. या खेळात ती जबाबदारी जिवाशी निगडित असते. प्रस्तुत पाठात याच मुद्द्याची चिकित्सा करू.

हंगामाला बांधलेली माध्यमे

अमेरिकेत वॉरन मिलर यांनी १९५० पासून दरवर्षी स्कीइंगवर एक चित्रपट आणण्याची प्रथा पाडली. सुरुवातीच्या काळात ते गावोगावी फिरून, मंचावर उभे राहून स्वतः निवेदन करीत. हिवाळ्याच्या तोंडावर गावातील स्कीप्रेमी एका सभागृहात जमत. चित्रपट पाहणे हे निमित्त असे. हंगाम सुरू होत असल्याची ती खूण होती. १९७२ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे जेक आणि डेव्ह मो या भावांनी ‘पावडर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचे अंकही हंगामाच्या चालीने निघत.

या दोन्हींत एक गोष्ट समान होती. वर्षभरात थोडेच प्रसिद्ध होई, आणि जे प्रसिद्ध होई ते बहुतेकांनी पाहिलेले असे. त्यामुळे लिफ्टच्या रांगेत उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांना बोलण्यासाठी सामाईक विषय मिळत असे. समुदाय घडण्यासाठी अशी सामाईक संहिता लागते.

अतिरेकाने काय बदलले?

डोक्यावरच्या शिरस्त्राणाला लावता येणारे छोटे कॅमेरे आणि यूट्यूब आल्यावर प्रत्येक स्कीपटू निर्माता झाला. फ्रेंच स्कीपटू कांदीद तोवेक्स यांची स्वतःच्या नजरेतून चित्रित केलेली ‘वन ऑफ दोज डेज २’ ही चित्रफीत २०१५ मध्ये जगभर लाखो लोकांनी पाहिली. ती उत्तम होती, यात शंका नाही. परंतु तिच्या आगेमागे रोज शेकडो चित्रफिती येऊ लागल्या आणि वर्षातून एकदा येणाऱ्या चित्रपटाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. जाहिरातदारही स्वतःच आशय तयार करून थेट प्रेक्षकापर्यंत जाऊ लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘पावडर’चे प्रकाशन स्थगित झाल्याची बातमी आली. २०२२ च्या अखेरीस मालकी बदलली आणि नाव पुन्हा वापरात आले. मात्र मधल्या काळात वाचकांची सवय तुटली होती.

फीड अखंड चालते. त्याला हंगाम नसतो. रविवारच्या निसरड्या, कठीण बर्फावरची साधी घसरण त्यात टिकत नाही. टिकतो तो गुडघाभर ताजा बर्फ, उभा कडा आणि थोडक्यात वाचलेला जीव. प्रत्येक चित्रफीत खरी असली तरी त्या सगळ्यांनी मिळून उभे केलेले चित्र खोटे असते.

जुन्याचा गौरव किती करावा?

येथे स्मरणरंजनाचा मोह टाळला पाहिजे. जुनी स्की-माध्यमे जाहिरातींवर जगत होती. त्यांच्या पानांवर बहुधा उत्तर अमेरिका आणि आल्प्समधील गोरे पुरुष दिसत. महिला आणि इतर देशांतील पर्वत यांना जागा अपवादानेच मिळे. धाडसाचे उदात्तीकरणही त्यांनीच सुरू केले. ऑनलाइन माध्यमांनी दार उघडले, हे मान्य करावेच लागते. मात्र संपादकाचा पूर्वग्रह वाचकाला दिसत असे आणि त्याच्याशी भांडता येत असे. अल्गोरिदमचा पूर्वग्रह दिसत नाही, आणि भांडायला समोर कोणी नसते.

प्रश्न जिवाचा आहे

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळ हिमस्खलन होऊन तीन जण दगावले. त्यावर जॉन ब्रँच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ‘स्नो फॉल’ हा दीर्घ वृत्तान्त लिहिला आणि त्याला २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. चलचित्रे आणि नकाशे मजकुरात गुंफण्याच्या त्याच्या रूपाची पुढे पुष्कळ नक्कल झाली. त्यातला धडा मात्र रूपापेक्षा मोठा आहे. त्या गटातील बहुतेक जण अनुभवी होते, काही तर स्की-पत्रकारितेतलेच होते. हिमस्खलनाचा इशाराही उपलब्ध होता. माहितीची उणीव नव्हती. सोबतच्या नामवंतांसमोर ‘नको’ म्हणणे अवघड होते.

इयन मॅकमन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मानसिक सापळ्यांची यादी दिली आहे : ओळखीची जागा, इतरांकडून मान्यता मिळवण्याची इच्छा, तज्ज्ञावर भिस्त, ताज्या बर्फावर पहिले उतरण्याची घाई इत्यादी. फीडची रचना नेमकी या सापळ्यांना खतपाणी घालते. मान्यता आकड्यांत मोजली जाते, तज्ज्ञपणा अनुयायांच्या संख्येवर ठरतो, आणि प्रत्येक चांगला उतार उद्या गर्दीने भरेल असे वाटू लागते. ही भीती निराधारही नाही. जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये लोकांना छायाचित्रांवर नेमके ठिकाण नोंदवू नका, असे आवाहन केले होते.

दोन प्रतिउदाहरणे

पहिले, ‘माउंटन गॅझेट’. हे जुने नियतकालिक माइक रोगी यांनी २०२० मध्ये विकत घेऊन पुन्हा सुरू केले. मोठ्या आकाराचे, वर्षातून दोनदा, केवळ छापील आणि वर्गणीदारांसाठी. थोडे देऊन वाट पाहायला लावणे, हेच त्याचे धोरण. याची मर्यादाही उघड आहे : ज्याला वर्गणी परवडते त्याचाच हा समुदाय.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. युटा हिमस्खलन केंद्रासारख्या संस्था हिवाळ्यात रोज सकाळी पूर्वसूचना देतात. ठरलेला नमुना, धोक्याची ठरलेली पायरी, आणि खाली ती लिहिणाऱ्याचे नाव. ती सर्वांना मोफत असते आणि सगळे तीच वाचतात. ऑनलाइन असूनही तिने सामाईक संहितेचे आणि जबाबदारीचे स्थान राखले आहे. म्हणजे दोष ऑनलाइन असण्याचा नाही.

भारतीय संदर्भ

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या बर्फहीन उतारांची चित्रे देशभर फिरली. पुढे बर्फ पडला आणि त्याच उतारांची आकर्षक चित्रे फिरू लागली. २२ फेब्रुवारी रोजी तेथे हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. तीन बातम्या, तीन लाटा. पण त्यांना जोडून सांगणारे स्की-नियतकालिक आपल्या कोणत्याही भाषेत रुजलेले नाही. अमेरिकेत अतिरेकाने जुनी माध्यमे मोडली. आपल्याकडे ती उभी राहण्याआधीच अतिरेक येऊन पोहोचला. म्हणून पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्या मराठी पर्यटकाचे शिक्षण आज बहुतांशी तीस सेकंदांच्या चित्रफितीच करतात.

सारांश

स्की-माध्यमांचे मूल्यमापन करताना आशय किती आणि किती देखणा, हे निकष पुरेसे नाहीत. निवड कोणी केली, त्याखाली नाव कोणाचे आहे आणि काय वगळले गेले, हे विचारले पाहिजे. सर्वांनी वाचलेली एक विश्वासार्ह गोष्ट समुदायाला हजार चित्रफितींपेक्षा जास्त उपयोगी पडते. डोंगरावर तर निश्चितच.

विचारार्थ प्रश्न

१. सामाईक संहिता म्हणजे काय? गिर्यारोहण किंवा दुर्गभ्रमंतीच्या मराठी समुदायात तिचे स्थान आज कोणती माध्यमे घेतात?
२. संपादकाचा पूर्वग्रह आणि अल्गोरिदमचा पूर्वग्रह यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
३. गुलमर्गसाठी रोजची पूर्वसूचना सामान्य पर्यटकाला समजेल अशा भाषेत लिहायची झाल्यास तिचा नमुना कसा असावा?