मोर्चा, मस्टर आणि मोबाइल: नागरी तंत्रज्ञानाच्या मेळाव्यांविषयी

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं संगणकवाल्यांच्या मेळाव्यांवर काय बोलावं? शंका रास्त आहे. आम्हाला प्रोग्रामिंगचं एक अक्षर कळत नाही. पण या मेळाव्यांत 'लोक', 'सहभाग', 'पारदर्शकता' हे शब्द सतत वापरले जातात, आणि हे शब्द तपासणं हेच आमचं काम होतं. तेवढ्या अधिकारात बोलतो.

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी पुण्यात अशाच एका मेळाव्याला अध्यक्ष म्हणून आम्ही गेलो होतो. शनिवार-रविवार, दोन दिवस. एका बाजूला पंचविशीतली हुशार मुलं-मुली, लॅपटॉप उघडून. दुसऱ्या बाजूला ग्रामीण भागातून आलेले कार्यकर्ते. त्यांत रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एक ताई होत्या. कापडी पिशवीत शंभरेक रेशनकार्डांच्या झेरॉक्स. प्रश्न साधा होता. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसांचा, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांचा अंगठा लागत नाही. बोटं झिजलेली असतात. अंगठा नाही तर धान्य नाही.

मुलांनी मन लावून ऐकलं. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तक्रार नोंदवण्याचं एक ॲप उभं केलं. टाळ्या झाल्या. ताई म्हणाल्या, "सर, छान आहे. पण तक्रार करायला माझ्याकडं माणसं हायेत. घेणारा माणूस सापडत नाही, त्याचं काही होतंय का बघा." सभागृह हसलं. आम्हीही हसलो, आणि मग लोकशाही आणि संवाद यांवर वीस मिनिटांचं समारोपाचं भाषण केलं. वर्षभरानं त्या ॲपची लिंक उघडून पाहिली, तर ती बंद. ताईंचं वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. त्या दोन दिवसांतला खरा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि अध्यक्षानं तो विनोद म्हणून घेतला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या समारोपाची दुरुस्ती समजा.

टीका करण्यापूर्वी प्रतिपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावा, ही आपल्याकडची पूर्वपक्षाची शिस्त. तेव्हा या चळवळीचं उत्तम उदाहरण घेऊ: तैवान. 2012 साली तिथल्या सरकारनं एक जाहिरात काढली. तिचा सूर असा होता, की आर्थिक धोरण फार गुंतागुंतीचं आहे, ते समजावत बसण्यापेक्षा आम्हाला काम करू द्या. काही प्रोग्रामरना हे झोंबलं. त्यांनी सरकारचं अंदाजपत्रक उचललं आणि कुणालाही कळेल अशा चित्रांत मांडलं. तिथून 'गव्हझीरो' नावाचा समूह उभा राहिला. सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यात जो इंग्रजी 'ओ' असतो, त्याच्या जागी यांनी शून्य घातलं. म्हणजे पत्ता सरकारचाच, फक्त एक अक्षर बदललेलं. तिथं गेलात की त्याच माहितीचं लोकांनी केलेलं रूप दिसतं. दर दोनेक महिन्यांनी त्यांचे मेळावे भरू लागले. त्यांची स्वतःविषयीची भाषाही गमतीची. 'हे काम कुणीच का करत नाही', असं विचारू नका. तो 'कुणी नाही' म्हणजे तुम्हीच आहात, असं ते मानतात.

त्यांचं एक काम आम्हाला विशेष वाटतं. तैवानमधल्या राजकीय देणग्यांच्या नोंदी कागदावर होत्या. कार्यालयात जाऊन बघा, हवं तर छापील प्रत घ्या, एवढीच मुभा. कागद मिळत होता, पण हजारो पानांच्या कागदातून हिशेब निघत नव्हता. 2014 मध्ये कार्यकर्त्यांनी त्या प्रती आणल्या, स्कॅन केल्या, आणि गव्हझीरोच्या लोकांनी प्रत्येक तक्त्याचे तुकडे करून एकेक चौकट इंटरनेटवर ठेवली. जो येईल त्यानं एक चौकट वाचायची आणि टाइप करायची. हजारो लोक आले आणि दिवसभरात काम उरकलं. पुढं 2018 मध्ये कायदाच बदलला आणि अशी माहिती ऑनलाइन देणं आलं. त्याच 2014 च्या मार्चमध्ये चीनशी होणाऱ्या व्यापारकराराविरुद्ध विद्यार्थ्यांनी संसदेचं सभागृह ताब्यात घेतलं, तेव्हा आतलं बोलणं बाहेर थेट दिसावं, लिहिलेलं वाचायला मिळावं, याची व्यवस्था याच मंडळींनी केली.

इथं काय घडलं ते नीट पाहा. प्रश्न आधी होता, लढणारी माणसं आधी होती, अडचण कुठं आहे हे त्यांना माहीत होतं. तंत्रज्ञ मागून आले आणि नेमक्या त्या जागी हात लावला. म्हणून तैवानचा दाखला देऊन कुणी 'मेळावे भरवा, लोकशाही सुधारेल' म्हणू लागलं, तर ते कार्यकारणभाव उलटा लावणं आहे.

आता घराजवळ येऊ. राजस्थानात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. दुष्काळी कामांवर मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नसे. विचारलं तर उत्तर यायचं, कागदावर तुमचं काम तेवढंच आहे. मग कागद दाखवा! तर कागद गुप्त. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेली मस्टर, बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली. अशा सुनावण्यांत काय बाहेर येई? मस्टरवर मेलेल्यांची नावं. कधी कामावर न गेलेल्यांचे अंगठे. पूर्ण झालेल्या इमारतीचं बिल, आणि इमारतीला छप्परच नाही. पुढं 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं, 2000 मध्ये राजस्थानचा कायदा, 2002 मध्ये महाराष्ट्राचा, आणि 2005 मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा.

आमचं म्हणणं असं, की ती जनसुनावणी हेच आपल्याकडचं अव्वल नागरी तंत्रज्ञान. सतरंजी, कनात, माइक आणि मोठ्यानं वाचणारा माणूस. आपल्या महाराष्ट्रात चावडी वाचन असतंच की. सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हाही गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं, कारण संगणकातली नोंद बरोबर की चूक हे संगणकाला कळत नाही. ते शेजारच्या बांधावरच्या माणसाला कळतं. वाचनामुळे निरक्षर माणूसही तपासनीस होतो. कागद एकट्यानं वाचला तर ती माहिती असते. गावासमोर वाचला की त्याला साक्षीदार मिळतात.

आणि ही मंडळी तंत्रज्ञानाच्या विरोधात नव्हती बरं का. 2019 मध्ये राजस्थान सरकारनं जनसूचना पोर्टल सुरू केलं. माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणे सरकारनं आपणहून माहिती द्यायची असते, त्याची ही अंमलबजावणी. त्यासाठी सरकारचे माहिती-तंत्रज्ञान अधिकारी आणि चळवळीतले कार्यकर्ते एकत्र बसले. कोणत्या योजनेची कोणती माहिती, कोणत्या क्रमानं दिसावी, यावर चर्चा झाल्या. म्हणजे मेळावा इथंही आहे. पण त्या बैठकीला बसलेल्या कार्यकर्त्यांच्या मागं पाव शतकाचं काम होतं, आणि समोर निर्णय घेऊ शकणारा अधिकारी होता. ताईंचा 'घेणारा माणूस' तिथं खुर्चीवर हजर होता! पुण्याच्या आमच्या सभागृहात तो नव्हता. आम्ही त्याला बोलावलंच नव्हतं.

आता टीकेकडे वळू. पहिला मुद्दा प्रश्नाच्या निवडीचा. दोन दिवसांत जे सुटू शकेल तेवढ्यालाच प्रश्न म्हणायचं, अशी या मेळाव्यांची नकळत सवय असते. अंगठा लागत नाही हा प्रश्न मग 'तक्रारनोंदणीचा अभाव' होतो, कारण नोंदणीचं ॲप बनवता येतं. अंगठ्याशिवाय धान्य नाही हा नियम कुणी आणि का केला, हे मात्र फळ्यावरच्या चौकोनांत बसत नाही. जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानं 1927 साली लोकसमूह आणि त्याच्या अडचणी यांवर एक पुस्तक लिहिलं. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे शिक्षक. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की 'जनता' ही आयती पडलेली नसते. एखाद्या कृतीचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात ते एकमेकांना ओळखतात, तेव्हा ती घडते. आपल्या आज्या एवढं लांबण न लावता म्हणत, ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याचं जळतंय तो फक्त 'वापरकर्ता' म्हणून उभा असेल आणि प्रश्नाची व्याख्या दुसराच करत असेल, तर तिथं जनता घडलेली नाही.

दुसरा मुद्दा देखभालीचा. चळवळ हे कंटाळवाणं काम आहे. त्याच तहसील कार्यालयात चाळिसाव्यांदा जायचं. मेळाव्याचा उत्साह नव्याचा असतो. बंद पडलेल्या लिंकला श्रद्धांजली वाहायला कुणी मेळावा भरवत नाही. पण ज्या बाईनं त्यात आपली तक्रार टाकली, तिच्या दृष्टीनं ते आणखी एक बंद पडलेलं कार्यालय असतं. भरवसा असा खर्च होतो, आणि तो कार्यकर्त्याच्या खात्यातून जातो, तंत्रज्ञाच्या नव्हे.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो: कोण कुणाकडे पाहतं? रोजगार हमीची कल्पना मूळ महाराष्ट्राची, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या कामांवरचं मस्टर हे कागदाचं होतं. त्यात खोटेपणा चाले, मान्य. पण ते कामावर पडलेलं असे, मजुराला ते मागून बघता येई. 2021 मध्ये केंद्रानं मोबाइलवर हजेरी आणली आणि 2023 च्या सुरुवातीपासून ती जवळपास सर्व कामांवर सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो. हेतू पारदर्शकतेचाच सांगितला गेला. झालं काय? रेंज नाही, फोटो चढला नाही, तर दिवसभर खणूनही हजेरी नाही. आणि खोटेपणा थांबला का? 2025 साली खुद्द केंद्रीय ग्रामविकास खात्याच्या परिपत्रकानं मान्य केलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोचेच काढलेले फोटो चढवले जात आहेत. कोट किरान्यात मजूर सरकारचा कागद तपासत होता. इथं सरकार मजुराचा चेहरा तपासू लागलं. शब्द तोच, 'पारदर्शकता'. पण काच फिरवली की आतला कोण आणि बाहेरचा कोण हे बदलतं.

हाच धागा कायद्यातही आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल केला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला पाहावं लागे, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ना, व्यापक जनहित नाही ना. आता त्या कलमातल्या या अटी गेल्या. 'वैयक्तिक' एवढं कारण पुरेसं. जनहिताचं दुसरं कलम, 8(2), शिल्लक आहे, हेही सांगायला हवं. पण मस्टरवरचं मेलेल्या माणसाचं नाव वाचूनच माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली होती. नाव झाकलं तर सुनावणी कशाची घ्यायची?

इथं कुणीतरी विचारेल, आणि विचारावं, की मग खाजगीपणाला काही किंमत नाही का? आहे. एड्सच्या रुग्णांची यादी चावडीवर वाचता येणार नाही. आमचं साधं सूत्र असं: ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आणि अधिकार, त्याच्याकडून जास्त उघडेपणा मागायचा, ज्याच्या हाती काही नाही, त्याला जास्त आडोसा द्यायचा. रेशन घेणाऱ्याचं नाव यादीत लागतं तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात. ती सीमा कुठं आखायची हे यंत्र सांगणार नाही आणि आमच्यासारखा प्राध्यापकही नाही. ते त्या गावानं बसून ठरवायचं. खरं तर मेळावे भरवायचे ते यासाठी.

दुसरा आक्षेप: "सर, तुम्ही तरुणांचा हिरमोड करताय. निदान ते येतात तरी!" खरं आहे, येतात. सुटीचा दिवस सोडून येतात, आणि आमच्या पिढीतले कित्येक पदवीधर तेवढंही करत नव्हते. त्यांच्या कौशल्याला आम्ही कमी लेखत नाही. तैवानची चौकटींची युक्ती कुणा तत्त्वज्ञाला सुचली नसती. आमचं मागणं एवढंच आहे, की लॅपटॉप उघडण्याआधी एक महिना ताईंबरोबर रेशनच्या रांगेत उभं राहा. कदाचित महिन्याच्या शेवटी लक्षात येईल की ॲप नकोच आहे. तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात किती जणांचा अंगठा नाकारला गेला याची एक यादी हवी आहे, जी हातात घेऊन पन्नास बायका तहसीलदारांसमोर बसू शकतील. ती यादी बनवायला तुमचंच कौशल्य लागेल. यश मात्र मोजायचं ते किती जणांना धान्य मिळालं यावरून.

आणि अध्यक्ष म्हणून कुणाला बोलावलंत, तर त्याला समारोपाची वीस मिनिटं देऊ नका. ती ताईंना द्या. आम्ही पुन्हा त्यांना भेटलो तेव्हा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाषण नको सर, तहसीलला चला सोबत." गेलो. दोन तास बाकावर बसलो, साहेब आले नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं ठरलं.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न.