सिग्नलच्या केबिनमधील माणूस : डिकन्स आणि झोला

चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नलमन’ (१८६६) ही कथा भयकथांच्या संग्रहांत इतक्या वेळा समाविष्ट झाली आहे की, तिच्यातील माणूस रोज कोणते काम करतो, हा प्रश्न दुय्यम ठरत आला. वास्तविक कथेचा ताण त्या कामातच आहे. डोंगर खोदून काढलेल्या खोल मार्गात, बोगद्याच्या तोंडाशी त्याची केबिन. अंगमेहनत जवळजवळ नाही : सिग्नल बदलणे, दिव्यांच्या वाती नीट करणे, अधूनमधून लोखंडी दांडा फिरवणे. मात्र अचूकता आणि जागरूकता यांत क्षणाचीही ढिलाई चालत नाही. मोकळ्या वेळात तो अपूर्णांक, दशांश आणि थोडे बीजगणित करतो.

त्याची खरी कोंडी भुतापाशी नव्हे, तारयंत्रापाशी होते. धोका आहे, हे त्याला जाणवते. पण तसे कळवावे तर ‘कोणता? कुठे?’ याचे उत्तर द्यावे लागणार, आणि ते देता न आल्यास नोकरी जाणार. यंत्रणेने जबाबदारी त्याच्यावर सोपवली आहे, शंका नोंदवण्याची सोय मात्र ठेवलेली नाही.

डिकन्स तास मोजत नाही, ही या कथेची मर्यादा होय. १८६१ साली क्लेटन बोगद्यातील अपघातात २३ माणसे दगावली, तेव्हा तेथील सिग्नलमन एक पूर्ण दिवस सुटी मिळावी म्हणून सलग २४ तासांची पाळी करीत होता. या अपघाताशी कथेचे नाते अनेकदा जोडले जाते. पाळीचा हा तपशील मात्र तिच्यात उतरलेला नाही.

एमिल झोला तास मोजतो. ‘ला बेत युमेन’ (१८९०) या कादंबरीची ख्याती इंजिनचालक लांतिए आणि त्याचे इंजिन यांच्यामुळे आहे. त्यासाठी झोलाने १८८९ मध्ये इंजिनावर उभे राहून पॅरिस ते मांत असा प्रवासही केला होता. परंतु पॅरिस–ल हाव्र मार्गावरील मिझार हे पात्र अधिक अस्वस्थ करते. काम तेच : घंटा, सिग्नल, नोंदवही, बारा तास भरले की पाळी दुसऱ्याच्या हाती. डिकन्सच्या नायकाला पोखरणारी जागरूकता येथे निव्वळ सवय झाली आहे. कामात कसूर न करणारा मिझार पत्नीने लपवलेल्या हजार फ्रँकांसाठी तिला हळूहळू विष घालतो, तेही त्याच चिकाटीने.

पत्नी फाझी हिचे फाटकाजवळचे घर हेच कादंबरीतील सर्वांत एकाकी स्थळ ठरते. दिवसरात्र माणसांनी भरलेल्या गाड्या तिच्या दारावरून जातात. चेहरे दिसतात न दिसतात तोच नाहीसे होतात. आपल्याला मारले जात आहे, हे त्यांतल्या एकालाही कळणार नाही, याची तिला जाणीव आहे. डिकन्सच्या केबिनपाशी निदान वरून हाक मारणारा एक पाहुणा येतो.

फाझी मरते. मिझारला पैसे सापडत नाहीत. तो शोधत राहतो आणि गाड्या सोडत राहतो.